पांढरी राहिलेली पट्टी

हॉस्पिटलात तिला सगळे वाफेवाली मावशी म्हणत. ऑपरेशनची हत्यारं कापडात गुंडाळायची, वर पट्टी चिकटवायची आणि वाफेच्या मशीनमध्ये ठेवायची, हे तिचं अठरा वर्षांचं काम. वाफ नीट लागली की पांढऱ्या पट्टीवर काळ्या रेघा उमटतात. मशीनचं दार लावलं की मावशी डोळे मिटून प्रभूचं नाव घेई, त्या दिवशीच्या पेशंटसाठी दोन शब्द बोले आणि मगच बटण दाबी. सिस्टर चिडवायच्या, की मावशींचं मशीन विजेवर नाही, प्रार्थनेवर चालतं.

त्या महिन्यात हॉस्पिटल माणसं कमी करत होतं. जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणतात. इथे सुपातल्यांनाही हसू येत नव्हतं. मावशीचे यजमान पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले, घर तिच्या एकटीच्या पगारावर. त्या सकाळी गाठोडी मशीनमध्ये ठेवून तिने डोळे मिटले, पण पेशंट बाजूलाच राहिला. माझी नोकरी राख, एवढंच ती घोकत राहिली. तेवढ्यात मेट्रनबाईंचं बोलावणं आलं आणि ती तशीच धावली. बाईंनी बजावलं, कामावरून कमी होणाऱ्यांची यादी संध्याकाळी लागेल, तोवर एकही चूक नको.

परतली तेव्हा मशीन आधीच्या फेरीचं गरमच होतं. वाफ देऊन झाली असं समजून तिने घाईघाईत मोठं गाठोडं ऑपरेशन थिएटरात धाडलं. दुसरं फडताळात ठेवताना नजर पट्टीवर गेली. पट्टी पांढरीफटक. बटण दाबायचंच राहिलं होतं.

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. थिएटरात कुणी पट्टी बघेल म्हणावं, तर तिच्या गाठोड्याची पट्टी वर्षानुवर्षं कुणी बघितलीच नव्हती. प्रभू, कुणाला कळू देऊ नकोस, असं ती पुटपुटली आणि स्वतःच दचकली. आत एक बाई तिच्या भरवशावर टेबलावर पडली होती, आणि आपण देवालाच पांघरूण घालायला सांगतोय. तिला स्वतःची लाज वाटली. भीती मात्र तसूभर कमी झाली नाही. तरी ती थिएटरच्या दाराशी पोचली.

"डॉक्टर, थांबा. ते गाठोडं वाफेत गेलेलंच नाही."

भूल द्यायची अजून बाकी होती. हे कसं झालं, असं डॉक्टरांनी विचारलं. मशीन बिघडलं, हे शब्द अगदी जिभेवर आले होते.

"प्रार्थना करत होते. बटण दाबायचं विसरले. चूक माझी आहे."

मास्कमागे कुणीतरी फिस्सकन हसलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी हातमोजे काढले, गाठोडं पुन्हा वाफेत घालायला लावलं आणि सिस्टरला मेट्रनबाईंना कळवायला सांगितलं.

मावशीने नवी पट्टी लावून दार बंद केलं. या वेळी तिने आधी बटण दाबलं, मशीन घरघरेपर्यंत थांबली, मग डोळे मिटले. बाहेर मेट्रनबाईंच्या चपलांचा आवाज जवळ येत होता. मावशीने डोळे उघडले नाहीत. टेबलावरच्या त्या बाईसाठीचे दोन शब्द अजून व्हायचे होते.