कापसाखाली काहीच नव्हतं

हे आज सकाळपर्यंत मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझ्या पोटात शेंगदाणासुद्धा लपून राहत नाही.

मी मूळचा उमरीचा, लातूरला कॉलेजात खेळाचा सर. अंगानं असा, की मी रिक्षात बसलो तर रिक्षावाला आधी चाकाची हवा बघतो. कॉलेजात रक्तदान शिबिर असलं की घाबरलेली पोरं-पोरी माझ्याकडं पाठवतात. मी त्यांना पाणी पाजतो, सुईकडं नको, माझ्याकडं बघा म्हणतो, आणि एकेक गप्पा हाणतो — एकदा माझी पिशवी इतक्या जोरात भरली की डॉक्टरांचा चष्मा उडाला, असलं काहीबाही. पोरं हसतात. हसण्यात सुई कधी टोचली ते त्यांना कळतही नाही.

आणि बोहनी माझी. दुकानात सकाळची पहिली विक्री, तशी शिबिरातली पहिली पिशवी सरांची — बावीस वर्षं हे कॉलेजला पाठ आहे. रक्तपेढीची माणसं मागच्या खोलीत नाश्ता करत असतात, तेव्हा मी पडद्याआड जातो. बाहेर येतो तो कोपराच्या खळगीत कापूस, वर चिकटपट्टी. झाली बोहनी, या आता.

आता हे कसं सांगू? — सांगतोच. तो कापूस मीच चिकटवतो. त्याखाली भोक नाही. एकदाही नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षी नांदेडच्या एका शिबिरात खाटेवर झोपलो होतो. सुई नुसती दिसली आणि पळालो. एक चप्पल तिथंच राहिली. गावात सांगितलं, दोन बाटल्या रक्त दिलं, गर्दीत चप्पल गेली. तिथून जे सुरू झालं —

पण भिणं हा काही गुन्हा नाही. मग एवढं कशाला सांगतोय? रेणुकामुळं. जळकोटची, पहिल्या वर्षाची पोरगी. आईच्या बाळंतपणात कुणा अनोळखी माणसाचं रक्त कामी आलं होतं, म्हणून तिला द्यायचंच होतं. मागच्या शिबिरात माझ्यासमोर बसली. माझ्या गोष्टींना हसली नाही. एवढंच विचारलं, "सर, खरं सांगा, तुम्हाला बी पहिल्यांदा भ्या वाटलं होतं का?"

एक 'हाव, वाटलं होतं' पुरे होतं. नुसतं हाव. ती तेवढ्यावर खाटेपर्यंत चालत गेली असती, हे मला तेव्हाच दिसत होतं. आणि मी काय केलं? कापूस थोपटला. म्हणालो, "भ्या? मी तर खाटेवर घोरत होतो." पोरं खिदळली.

"मग माझ्यातच खोट हाय," ती म्हणाली आणि उठून गेली. तेव्हापासून मी दिसलो की ती मैदानाला वळसा घालून जाते.

आज सकाळी तिला गाठलं आणि सगळं सांगितलं. चप्पलसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा काही न वाढवता.

ती हसली नाही. "तेवढं त्या दिवशी सांगायचं होतं, सर," म्हणाली आणि वर्गात गेली.

परवा पुन्हा शिबिर आहे. माझ्या खाटेभोवतीचा पडदा काढायला लावलाय. पोरांसमोर आधी हे सगळं बोलणार, मग झोपणार. आत्ता लिहितानाच तळहात ओले झालेत — होऊ देत. चपला दाराबाहेर काढून ठेवणार. दोन्ही.