समोरच्या फ्लॅटमधले शोबँडवाले काका

कुवेतमध्ये खिडकी पुसली की दुसऱ्या दिवशी तिच्यावर पुन्हा धूळ! आमच्या शुक्रवारच्या ऑर्केस्ट्राचे किस्सेही असेच साठतात. एक सांगून हातावेगळा करावा, तोवर दोन नवे हजर. त्यातले निम्मे मायकेलकाकांचे.

*

सालमियात माझ्याच घरी प्रॅक्टिस चालते. की-बोर्डवर मी आणि गायला गावकर. तो मालवणकडचा, इलेक्ट्रिशियन, जलीबहून बस बदलत येतो. एका दुपारी बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधले ऐंशीचे आयरिश आजोबा, म्हणजेच हे मायकेलकाका! लेक इथे शाळेत शिकवते, तिच्याकडे बायकोसह राहायला आलेले. आवाजाची कम्प्लेंट असणार, म्हणून मी आधीच ‘सॉरी, सॉरी’ सुरू केलं.

ते म्हणाले, “आवाज ठीक आहे. पण गायक बसून का गातोय?”

तरुणपणी ते शोबँडमध्ये गायचे. एका गाडीत आठ जण, आज या गावात नाच, उद्या त्या गावात. चार-चार तास उभ्याने गायचं. गावकर त्या दिवशी जो उठला, तो अजून बसलेला नाही!

*

मला त्यांची फार दया यायची. आयरिश माणूस आणि दारूबंदीच्या देशात! एकदा धीर करून तसं बोललो.

काका हसत सुटले. “अरे, आमच्या डान्स हॉलमध्येही चहा आणि लेमोनेडच मिळायचं. मी आयुष्यभर शुद्धीवरच्याच लोकांपुढे गायलोय. जरा बेसूर झालं की लगेच कळायचं त्यांना!”

*

एकदा त्यांना म्हटलं, “काका, तुमचं स्वतःचं गाजलेलं गाणं ऐकवा ना.”

“माझं एकही नाही. रेडिओवर जे गाजायचं, ते आम्ही शनिवारी गायचो.”

“काका, म्हणजे तुमचो नि आमचो धंदो एकच!” गावकर ओरडला. काकांनी एक शब्द न कळताच टाळी दिली.

*

नोराकाकू त्यांच्याबरोबर यायच्या. खिडकीशी बसून लांबच्या समुद्राकडे बघत राहायच्या. उन्हात धूळ तरंगत असायची आणि खोलीतलंच गाणं कुठून तरी दुरून येतंय असं वाटायचं. काकूंना हल्ली काही आठवत नाही. नवऱ्याला त्या ‘हे सद्गृहस्थ’ म्हणतात.

काका दर शुक्रवारी त्यांच्यासाठी एक जुनं गाणं म्हणायचे. “आवाजावरून ओळखेल ती. एकदा तरी ओळखेल.” काकू नम्रपणे टाळ्या वाजवायच्या, बस. चहा देताना माझ्या बायकोचे डोळे भरून यायचे. माझेही, खोटं कशाला बोलू?

*

गेल्या महिन्यात त्यांच्या लग्नाचा वाढदिवस आमच्याकडेच केला. नेमका काकांचा घसा बसला! आता काकू ओळखणार कशावरून? काका हिरमुसून कोपऱ्यात बसले आणि गावकर गायला उभा राहिला.

मध्येच काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, “लेडीज चॉइस!” त्यांच्याकडची ही रीत. एका गाण्याला बायकांनी जोडीदार निवडायचा. आमच्या बायका एकमेकींकडे बघून हसू लागल्या. एक उठेल तर शपथ!

उठल्या त्या नोराकाकू. सरळ काकांपुढे गेल्या आणि हात पुढे केला. सोफे सरकवून केलेल्या जागेत दोघं हळूहळू फिरत राहिले. गावकरने शेवटचं कडवं तीनदा म्हटलं.

गाणं थांबलं. काका हात न सोडता म्हणाले, “अजून एक?”

काकू लाजल्या. “नको हं! माझं त्या बँडमधल्या मायकेलशी ठरलंय. तो बिचारा स्टेजवरून खाली उतरत नाही, पण सगळं बघत असतो!”