हारिससाठी लिहिलेलं पत्र

हारिस येमेनचा, पण फिजिओथेरपी शिकला पुण्यात. पहिल्याच दिवशी माझा गुडघा चाचपत म्हणाला, "मावशी, नाटक नको, वाकवा!" इथे आखातात, अल सद्द भागातल्या क्लिनिकात, अरब माणसाच्या तोंडून हे ऐकून मी मुकाट वाकवला.

पुढे त्याच्या पासपोर्टची मुदत संपली. तिकडे लढाई, भाऊ पकडलेला. वकिलातीची पायरी चढायची त्याला भीती. पासपोर्ट नाही म्हणून राहण्याचा परवाना नाही, तो नाही म्हणून नोकरी नाही. त्यानं आश्रयासाठी अर्ज केला, कामाची परवानगी परत मागितली आणि वाट बघत बसला.

"घरी येऊन गुडघा बघ माझा," मी म्हटलं.

"नको मावशी. काम करताना सापडलो तर अर्ज खलास."

"काम कसलं? म्हातारीला भेटायला ये. पोळीभाजी खा."

आला. आठवड्यातून दोनदा, चार महिने. "हात विसरायला नकोत," म्हणायचा. माझी काठी सुटली.

अर्जाला ओळखीच्या लोकांची पत्रं जोडायची होती. एकतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेली मी. दुसऱ्या कुणाला लिहू देते होय! नमिता, माझी सून, म्हणाली, "आई, देण्याआधी मला दाखवा."

"तुझ्या जन्माआधीपासून लिहितेय मी," म्हटलं आणि पाकीट चिकटवून हारिसला दिलं. त्यानं ते तसंच बंद नेऊन दिलं. दुसऱ्याचं पत्र उघडणाऱ्यातला तो नव्हेच.

पत्र झकास होतं. हा मुलगा दर आठवड्याला घरी येऊन माझ्यावर उपचार करतो, याच्यामुळे मी चालते, असं ठणकावून लिहिलं होतं.

परवानगी नाकारली. कारण, परवान्याविना काम. पुरावा, माझं पत्र.

हे सांगायला तो स्वतः आला. मी म्हटलं, "ओरड माझ्यावर."

"तुम्ही खरं तेच लिहिलंत, मावशी. फेरअर्ज करता येतो. इन्शाल्ला."

तोवर किती महिने, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मला त्याच्याकडे बघवेना. चहा टाकायला म्हणून उठले, तर गुडघा अडकला. मी टेबलाची कड पकडली. हारिस झटकन पुढे आला, दोन्ही हात माझ्या गुडघ्यापर्यंत पोहोचले आणि थांबले. त्यानं ते मागे घेतले.

"नमिताताई," त्यानं आत हाक मारली, "जरा या. मावशींना धरा."