चहा मी आणतो

हे मी आजवर एकाही माइकसमोर बोललेलो नाही. माझ्या धंद्यातला माणूस असं म्हणतो तेव्हा त्याचं वजन समजून घ्या. माइकसमोर मी काय काय बोललोय — वडिलांचं मूळव्याधीचं ऑपरेशन, बायकोचं माहेर, स्वतःच्या लग्नात मांडवातच माझं पोट बिघडलं ते. घरातली एक गोष्ट शिल्लक ठेवली नाही. लोक हसले, मी पुढच्या शहरात गेलो. ही एक तेवढी झाकून ठेवली. सहा वर्षं झाली. बायकोलाही माहीत नाही.

आणि लिहायला बसल्या बसल्या मला माझाच संशय येतोय. मी हे मराठीत का लिहितोय? माझे प्रेक्षक सगळे हिंदीवाले. आम्ही इंदूरचे मराठी — घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि स्टेजवर ठेठ इंदूरी. ज्याने हे वाचायला हवं त्या कौस्तुभला मराठी बोलता येतं, पण छापील मराठी समोर धरलं की जांभया सुरू होतात. म्हणजे मी कबुली देतोय, पण जिथे तो फिरकणार नाही अशा जागी. दिसतंय ना तुम्हाला? मलाही दिसतंय. तरी लिहितो.

मी अमोद, कौस्तुभ माझा जोडीदार. आमचा दोघांचा पॉडकास्ट होता आणि स्टेजवरही आम्ही जोडीने उभे राहायचो. सांवेर रोडवर त्याच्या मामाचं वर्कशॉप आहे, पंपाचे सुटे भाग बनतात. वर एक खोली रिकामी होती. आठवडाभर खाली लेथ मशिनांचा असा कल्ला की आपलं बोलणं आपल्याला ऐकू येऊ नये, पण रविवारी सगळं बंद. म्हणून आमचं रेकॉर्डिंग रविवारी सकाळी. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, टेबलावर तीन माइक आणि एक रेकॉर्डर. दर वेळी एक पाहुणा. तासभर गप्पा, मग चहाचा ब्रेक, मग पुन्हा तासभर.

लिहायचो मी, बोलायचा तो. तसं आम्ही दोघंही बोलायचो, पण शो संपल्यावर लोक त्याच्या गळ्यात पडायचे आणि मला म्हणायचे, भिया — म्हणजे भाऊ — फोटो काढ ना जरा. मी फोटो काढायचो. हसत काढायचो. पोटात एक आणि ओठात एक हे मला तेव्हापासून छान जमतं.

त्या वर्षी कौस्तुभला फोन यायला लागले. फोन आला की तो गच्चीवर जायचा. दार ओढून घ्यायचा. आता सांगा, जोडीदाराचा फोन असा दार ओढून घेतला जात असेल तर तुमच्या मनात काय येईल? माझ्या मनात एकच आलं — हा मला सोडून एकटा निघाला. कुणीतरी आयोजक त्याला फितवतोय. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायला लागलो, मग बोटांकडे, मग फोन उलटा ठेवतो की सुलटा त्याकडे. कावीळ झाली की सगळं पिवळं दिसतं म्हणतात. मला तर पिवळं दिसायच्या आधीच पिवळ्याची खात्री असायची.

आणि मग ती चूक झाली. पहिल्यांदा खरंच चूक होती, यावर विश्वास ठेवा — किंवा नका ठेवू. ब्रेकमध्ये मी खाली चहा आणायला गेलो आणि रेकॉर्डर बंद करायचा राहिला. दुसऱ्या दिवशी एडिट करायला बसलो तर ब्रेकमधलं सगळं आत. पाहुणा विचारतोय, तुम्हारा वो पार्टनर कैसा है? आणि कौस्तुभ म्हणतो, "अरे, सब वोई लिखता है भिया. मैं तो बस बजता हूँ."

एखाद्याला हे ऐकून भरून आलं असतं. मी काय केलं? तीन वेळा ऐकलं आणि ठरवलं की रेकॉर्डर चालू आहे हे त्याला दिसलं असणार. लाल दिवा लागतोच ना चालू असताना. तो दिवा बघूनच त्याने माझी स्तुती केली. पुढच्या रविवारी मी त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. म्हणालो, बोलताना सारखं तिकडे लक्ष जातं. तो म्हणाला, बरं केलंस.

तेव्हापासून दर ब्रेकला मीच उठायचो. "चहा मी आणतो." मेन रोडवरच्या टपरीपर्यंत जाऊन यायला वीस मिनिटं लागतात, मी तीस लावायचो. परतताना लोखंडी जिन्यावर मुद्दाम पाय आपटत यायचो, म्हणजे त्यांना बोलणं आवरायला वेळ मिळावा. पाहुणे म्हणायचे, किती साधा माणूस, स्वतः चहा आणतो. दर सोमवारी मी हेडफोन लावून बसायचो आणि माझ्या पाठीमागे माझ्याबद्दल काय बोलतात ते शोधायचो. दीड वर्ष. आणि सापडत काय होतं? कुणाच्या मुलीची ॲडमिशन, कुणाचा गुडघा, कौस्तुभच्या मामाचे किस्से. माझं नावही क्वचित यायचं. ते तर मला अजूनच खुपायचं — माझ्याविषयी बोलत नाहीत म्हणजे नक्की काहीतरी लपवतायत!

मग एका रविवारी नीलाताई आल्या.

नीलाताई महूच्या, इंदूरजवळच्या लष्करी छावणीतल्या. साठ-एकसष्ट वय, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, नवरा फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर्ड. निवृत्तीनंतर बाईंनी काय करावं, तर स्टँड-अप. सुती साडी, पर्स खांद्याला तशीच, आणि छावणीतल्या बायका, परेड, नवऱ्याचा घरातला परेडी आवाज यावर असं बोलायच्या की पोरं खुर्चीतून पडायची. आम्हा सगळ्यांच्या त्या ताई झाल्या होत्या. मी त्यांच्यासाठीही चहा आणायला गेलो.

सोमवारी ऐकलं. कौस्तुभचा आवाज, एकदम हळू. "ताई, मला ना मध्येच एकदम ब्लँक होऊन जातं. पुढची लाइनच नसते डोक्यात. दोन वर्षं होत आली, डॉक्टर चालू आहे. फोनवर पण बोलतो त्यांच्याशी. अमोदला नका सांगू हां, तो फालतू टेंशन घेऊन घेईल." आणि ताई म्हणाल्या, "वर्गात माझं पण व्हायचं रे. मी पोरांना उभं करून पाढे म्हणायला लावायची. तेवढ्यात आठवून जायचं." दोघं हसले. मग ताई म्हणाल्या, "माझ्याकडून कुठे जाणार नाही, बेफिकीर रहा."

तर गच्चीवरचे फोन ते होते. दीड वर्ष साप साप म्हणून भुई धोपटली आणि निघालं हे. मला लाज वाटली का? वाटली, खोटं कशाला सांगू. दुपारपर्यंत टिकली.

कारण त्याच आठवड्यात एका मोठ्या शहरातल्या आयोजकाचा मला फोन आला. बऱ्याच शहरांचा दौरा होता आणि त्याला इंदूरचा एक कॉमेडियन हवा होता. एकच. आणि त्याला कौस्तुभ हवा होता. कौस्तुभ फोन उचलत नाही, त्याला सांगा मला कॉल करायला, एवढ्यासाठी त्याने मला फोन केला होता. निरोप्या म्हणून.

मी काय म्हणालो ते शब्दाला शब्द आठवतं. "सर, उसकी तबीयत जरा ठीक नहीं है. स्टेज पे ब्लँक हो जाता है आजकल. डॉक्टर चल रहा है. आप प्लीज किसी को बताना मत." ते शेवटचं वाक्य पाहा. आमच्या धंद्यात 'कुणाला सांगू नका' म्हणून सांगितलेली गोष्ट किती वेगाने पळते ते मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. दोन दिवसांनी त्याने दौऱ्यासाठी मला विचारलं. मी म्हणालो, कौस्तुभला विचारून सांगतो. विचारलं नाही. थोड्या वेळाने हो म्हणालो.

आठवड्यात सगळ्या इंदूरच्या कॉमेडीवाल्यांना कळलं. शनिवारी दुपारी एका कॅफेत ओपन माइक होता — यादीत नाव द्यायचं आणि पाच-पाच मिनिटं बोलायचं. कौस्तुभचं नाव पुकारताना सूत्रसंचालक पोरगा गमतीत म्हणाला, "भिया, बीच में भूल मत जाना." लोक हसले. कौस्तुभ माइकपाशी गेला. तोंड उघडलं. आणि काहीच नाही. मी दुसऱ्या रांगेत होतो. त्याची पहिली लाइन मला पाठ होती, मीच लिहिलेली होती. नुसते ओठ हलवले असते तरी त्याला मिळाली असती. तो माझ्याकडे बघतही होता. मी मान खाली घालून फोन बघत राहिलो. त्याने माइक स्टँडला परत लावला, अगदी नीट लावला, आणि खाली उतरला. त्यानंतर तो स्टेजवर चढला नाही.

इथपर्यंतचं सांगून थांबलो तर एकवेळ तुम्ही मला मत्सरी म्हणाल आणि सोडून द्याल. पण खरं ते याच्या पुढे आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही वरच्या खोलीत बसलो होतो, पाहुणा बोलावला नव्हता. कौस्तुभ म्हणाला, "मी फक्त ताईंना बोललो होतो. फक्त त्यांना." आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिलो असतो तरी पुरे होतं, नाही का? माझा त्याच्यावर किती काळ संशय होता, त्याचा माझ्यावर एक क्षणभरही नव्हता. मी म्हणालो, "ताई तशा वाईट नाहीत रे. पण टीचर ना. स्टाफरूमची सवय आहे."

तो हसला. त्या दिवसातलं त्याचं तेवढंच हसणं. वाक्य चांगलं होतं, माझी वाक्यं चांगलीच असतात. त्याने तिथूनच ताईंना फोन लावला. त्या शपथा घेत होत्या ते मला पलीकडून ऐकू येत होतं. त्याने फोन ठेवला आणि त्यांचा नंबर ब्लॉक केला. पुढे ते स्टाफरूमचं वाक्य सगळीकडे गेलं, मीच दोन-तीन ठिकाणी ऐकवलं. पोरं ताई दिसल्या की विषय बदलायला लागली. ओपन माइकच्या यादीत त्यांचं नाव राहून जायला लागलं. महूहून बस पकडून यायच्या आणि प्रेक्षकांत बसून परत जायच्या. मग येईनाशा झाल्या.

कौस्तुभ आता मामाच्या वर्कशॉपमध्ये खालच्या मजल्यावर असतो, ऑर्डरी बघतो. माझं बरं चाललंय. पॉडकास्ट एकट्याचा आहे, लोक विमानतळावर ओळखतात. चहा आता दुसरे आणतात. ब्रेकमध्ये मी खोलीबाहेर पाऊल टाकत नाही, आणि पाहुण्याचा फोन टेबलावर असला तर तो रेकॉर्ड तर करत नाही ना, हे बघून घेतो. खाई त्याला खवखवे.

गेल्या हिवाळ्यात महूला एका ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमाला मला बोलावलं होतं. तिसऱ्या रांगेत नीलाताई. खूप बारीक झालेल्या. मला वाटलं, आता चारचौघांत विचारणार. मी वीस मिनिटं त्यांच्याकडे न बघता बोललो. शो झाल्यावर त्या स्वतः जवळ आल्या, माझा हात धरला आणि बाजूला घेऊन गेल्या. त्यांना कळलंय, मला खात्रीच झाली.

त्या म्हणाल्या, "अमोद, तुझ्याशिवाय कुणाला विचारू रे. मी किती वेळा आठवून बघितलं. त्या दिवशी तुमच्याकडून निघाली, बस पकडली, शेजारी एक बाई होती. तिच्याशी काय काय बोलली ते आठवतच नाही आता. मीच बोलून गेली असेन, है ना? पोराचं आयुष्य बिघडून गेलं माझ्यामुळे." घरीही आता कुणाचं गुपित ऐकून घेत नाही म्हणाल्या. लेकीचा फोन आला तर नवऱ्याच्या हातात देतात. भीती वाटते, आपल्या तोंडून काही निघून जाईल. मग म्हणाल्या, "त्याला सांगशील का, माफ करून दे म्हणून? माझा फोन तो घेत नाही."

आणि मी काय केलं? मी तो निरोप नेला.

सांवेर रोडला गेलो, लेथ चालू होती, कौस्तुभला बाहेर बोलावून सांगितलं की ताईंनी कबूल केलंय, माफी मागतायत. त्याने हात पुसले. मग म्हणाला, "जाऊ दे यार. म्हाताऱ्या माणसाशी काय राग धरायचा. सांगून दे, माफ केलं म्हणून." आणि माझ्या पाठीवर थोपटून म्हणाला, तू एवढा लांब आलास ते बरं वाटलं.

मी ताईंना फोन करून तसं सांगितलं. त्या बराच वेळ रडल्या. मग म्हणाल्या, "तुझे फार उपकार झाले रे बाळा." मी म्हणालो, "काय ताई, उपकार कसले."