कुजबुजीचं घर

"कडी शाळेची, गंज कडीला, आणि दोष माझ्या घराला?" आजी म्हणाली. म्हणाली म्हणजे ओठ हलले. आवाज असा नव्हताच, नुसती वाफ. "उद्या शाळेचं छप्पर गळलं तर तेही आमच्यामुळेच म्हणशील."

"घराला कोण दोष देतंय, आई? पोरीनं आतून हाका मारल्या आणि बाहेर कुणाला ऐकूच गेल्या नाहीत, एवढंच म्हणतेय मी," माऊची आई म्हणाली. तीही वाफेतच.

दुपार कलायला लागली होती. स्वयंपाकघरातलं भांडण ऐन रंगात आलं होतं, पण भिंतीपलीकडे माऊचे बाबा रात्रपाळी करून झोपलेले, त्यामुळे सगळं कुजबुजीत. कुजबुजीतलं भांडण म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. राग आला की माणूस आवाज चढवतो. इथे चढवायला जागाच नव्हती, म्हणून राग हातात उतरत होता. आजीनं पातेलं उचललं ते आपटायलाच, पण हाताची सवय जिभेपेक्षा जुनी. पातेलं घडी घातलेल्या फडक्यावर अलगद जाऊन टेकलं. हूं नाही की चूं नाही.

जिच्यावरून भांडण चाललं होतं ती माऊ टेबलाखाली बसून बाहुलीला दामटून झोपवत होती. नुकतीच सहा पुरी झालेली. बाहुली रडत असावी, कारण माऊनं तिच्या तोंडावर हात ठेवला होता.

झालं होतं ते असं. शाळा सुटली, फाटकातून पोरांचा लोंढा बाहेर पडला, तो आटला, शेवटचं पोरगंही आजोबांचं बोट धरून निघून गेलं, आणि माऊ आलीच नाही. आई फाटकातून आत धावली. बाई म्हणाल्या, ती तर रांगेत होती. रांग शोधली, वर्ग शोधला, झोपाळे शोधले. शेवटी झाडूवाली मावशी मुलींच्या संडासाकडे बादली घेऊन गेली, तिनं अडकलेली कडी खांद्यानं ढकलली, तर आत माऊ भिंतीला पाठ लावून उभी. रडत नव्हती. बाईंनी विचारलं, "अगं, हाक नाही का मारायची?"

"मारली," माऊ म्हणाली.

"मोठ्यानं?"

"सगळ्यात मोठ्यानं," माऊ म्हणाली, आणि ते ऐकायला बाईंना वाकून कानाशी हात धरावा लागला.

बाई माणूस म्हणून वाईट नव्हत्या. त्यांनी माऊच्या आईला बाजूला घेतलं आणि सांगितलं की हे काही आजचं नाही. कविता म्हणताना हिचे ओठ सगळ्यांच्या आधी हलतात, पण आवाज येत नाही. डॉक्टरला घसा दाखवा. वरच्या वर्गात साठ पोरं असतात, तिथे ही कुणाच्या ध्यानातही राहायची नाही. पुढचं वर्ष तिला इथेच लहानांत बसू दे. "मी तिला नापास करत नाही," बाई म्हणाल्या. "ऐकू येईपर्यंत थांबवतेय."

माऊचा हात धरून आई घराकडे निघाली. डॉक्टरची गरज तिला नव्हती. पोरीनं घसा कुणाचा घेतला होता ते तिला पक्कं ठाऊक होतं.

माहेरी तिला भोंगा म्हणत. बापाचं पत्र्याचं दुकान. खाली दिवसभर डबे, बादल्या, पन्हळी ठोकल्या जायच्या आणि वर संसार. पाणी हवं असलं तरी ओरडून मागायचं, आणि 'काही नको' हेही ओरडूनच सांगायचं. पाच भावंडांत हिचा आवाज सगळ्यांत वरचा. जेवायला हाक मारली की तीन गल्ल्यांपलीकडचा भाऊ यायचाच, शिवाय ज्यांची ताटं मांडलेली नाहीत असे दोघे-तिघेही यायचे. लग्न ठरलं तेव्हा थोरला भाऊ नवऱ्यामुलाला म्हणाला होता, "घड्याळ घेऊ नका. आम्ही भोंगाच देतोय."

नवरा बर्फाच्या कारखान्यात. पत्र्याचे उंच साचे रात्री मिठाच्या गार पाण्यात उभे सोडायचे, पहाटे कप्पीनं वर ओढायचे, की पुरुषभर लाद्या सुटून उतरणीवरून घसरत जातात आणि उजाडायच्या आत मासळीबाजारात पोचतात. सकाळी तो यायचा तेव्हा त्याच्या हातांना हात लावला तर अंगावर काटा यायचा. चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून बसायचा, आणि तळवे ऊन झाल्याशिवाय कुणाला शिवायचा नाही. या एका गोष्टीवर ती त्याच्यावर भाळली होती.

ती आपलं शिलाई मशीन घेऊन आली होती. खिडकीपाशी मांडलं, ब्लाउज-परकरांची गिऱ्हाइकं जमवली, आणि पहिलं वर्ष घर मशीनच्या तालावर चाललं. मग माऊ पोटात असताना एका पहाटे एक लादी नवऱ्याच्या पावलावर आली आणि दोन बोटं मोडली. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून सासूनं निदान केलं. डॉक्टरांच्याही आधी. "डोळा लागला असणार. दिवसा झोप कुठे होतेय त्याला? घरात हे मशीन, ही भांडी, हा आवाज." शेवटच्या शब्दाला तिनं सुनेकडे पाहिलं नाही, पण पाहायची गरजही नव्हती.

तेव्हापासून घर बदललं. मशीनवर मेणकापड आलं, मेणकापडावर फुलदाणी आली. शिवणारी बाई काजं-बटणं आणि हातशिलाईवर आली, कारण सुईला आवाज नसतो. दारावरच्या घंटीची वायर काढली. सासूनं जुन्या स्वेटरची लोकर उसवून सगळ्या खुर्च्यांना पायमोजे विणले. चार खुर्च्यांचे सोळा पाय, आणि थंडीत माणसांचे मात्र उघडे. कुकर रात्री लावायचा, मिक्सर तो उठल्यावर. भाजीवाली खालून हात हलवायची आणि या वरून बोटांनी मेथीच्या जुड्या सांगायच्या. नवल वाटेल, पण या एका कामात सासू-सून एकदिलाच्या होत्या. इतर बाबतींत मिठावरूनही वाजायचं, पण त्याच्या झोपेच्या पहाऱ्यावर दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या.

त्या पहाऱ्यात माऊ जन्मली. रडली की आजी तिला उचलून जिन्यात पळायची. पहिला दात आला तो चमच्यावर वाजवून पाहिला नाही, बोटानंच चाचपला. ती पहिल्यांदा चालली तेव्हा दोघींनी टाळ्या वाजवल्या त्या तळव्याला तळवा न लावता. इतर पोरं 'आई' म्हणतात, 'बाबा' म्हणतात. माऊनं दहाव्या महिन्यात ओठांवर बोट ठेवलं आणि 'श्शू' म्हणाली. केवढं कौतुक झालं त्याचं. शहाणं बाळ, गुणी बाळ, पायात जणू मांजराच्या गाद्या. म्हणून तर माऊ. आणि हसायची ती तोंड उघडून, खांदे गदगदा हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आवाज तेवढा नसायचा.

माऊच्या आईला वाईट वाटायचं ते नवऱ्यासाठी. बिचाऱ्याचं सगळं झोपेत गेलं, असं तिला वाटे. दात, पावलं, पहिला शब्द, सगळं दिवसाउजेडी झालं आणि तो भिंतीपलीकडे. झोपेलाही तो तसा कायमचाच भुकेला. माहेरी नेलं की पत्र्याच्या दुकानावरच्या माडीत, खाली घणाचे घाव पडत असताना, तो संध्याकाळपर्यंत ढाराढूर. भाऊ म्हणायचे, जावई सासुरवाडीला जेवायला नाही, घोरायला येतो.

हे सगळं आज रस्ताभर तिच्या डोक्यात घुमत होतं. घरी आल्यावर ती सासूला एवढंच म्हणाली की आता हे बदलायला हवं. त्यावर सासूनं कडीचा मुद्दा काढला, मग शाळेचा, मग माहेरचा.

"भोंग्याच्या पोटी मुकी आली, हा आमचा दोष का?" आजी कुजबुजली.

"मुकी नाही ती. आपण तिचं तोंड शिवलंय. हातशिलाईनं."

आजीचा चेहरा पडला. पण ती माघार घेणारी नव्हती. "आणि पुन्हा पायावर लादी आली तर? या वेळी बोटांवर भागेल कशावरून? एकुलता एक आहे तो मला."

"ही पण मला एकुलतीच आहे," माऊची आई म्हणाली.

एवढ्यात दार उघडलं. माऊचे बाबा उंबऱ्यात उभे होते. केस विस्कटलेले, डोळे लाल. दोघींचे चेहरे खर्रकन उतरले. जागं केलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"मी जागं केलं का तुला, का हिनं?" आजीनं सवयीनं कुजबुजत विचारलं. स्वतःचंच नाव आधी घेतलं, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

"कुणीच नाही. जागाच होतो," तो म्हणाला. त्यानं साध्या आवाजात म्हटलं, पण त्या स्वयंपाकघरात तो बंदुकीसारखा वाटला. माऊ टेबलाखालून बाहेर आली आणि त्याच्याकडे बोट ओठांवर ठेवून पाहायला लागली.

तो खुर्ची ओढून बसला. मोजे घातलेली खुर्ची निमूट सरकली. मग त्यानं एकेक करून सांगितलं, मान खाली घालून, एखाद्या चोरानं कबुली द्यावी तसं. कारखान्यात दोन कॉम्प्रेसर रात्रभर कानठळ्या बसवतात. त्यांना टेकून, पोत्यांवर, चहाच्या सुट्टीत त्याला लागते तशी झोप कुठेच लागत नाही. गडगडाट असला की डोकं सुटतं. पण घरी आलं की ही शांतता. आणि शांततेत कुजबुज. मोठ्यानं बोललेलं माणूस सोडून देतं. कुजबुजलेलं ऐकायला मात्र कान आपोआप टवकारतात. काय बोलतायत, माझ्यापासून काय लपवतायत, कुणाला बरं नाही का? पायाची बोटं मोडली तेव्हाही झोपेचा संबंध नव्हता. कप्पीचा आकडा निसटला होता. त्यानं दवाखान्यात सांगितलंही होतं, पण कुणी ऐकलं नव्हतं.

"मग सहा वर्षं तोंडात काय मिठाचं पाणी धरलं होतंस?" आजी म्हणाली, आणि या वेळी तिचाही आवाज फुटला.

"तू खुर्च्यांना मोजे विणत होतीस, आई. हिनं मशीन झाकलं. कोणत्या तोंडानं सांगायचं, की मला झोप येत नाही?"

माऊची आई फडताळाला टेकून उभी होती. तिला हसू येतंय की रडू, ते तिलाच कळेना. सहा वर्षं साप साप म्हणून भुई धोपटली. तीही कुजबुजत. किती ब्लाउज, किती परकर, किती हाका गेल्या त्यात. त्या क्षणी नवऱ्याचा तिला असा राग आला, की फडक्याची घडी काढून सगळी भांडी फरशीवर ओतावीशी वाटली.

"म्हणजे तू सगळं ऐकत होतास," ती म्हणाली. अहोजाहो विसरली, लग्नानंतर पहिल्यांदा.

"सगळं," तो म्हणाला. "ही पहिल्यांदा श्शू म्हणाली तेही. चालली तेव्हा तर दाराच्या फटीतून पाहिलं. तुम्ही दोघी टाळ्या वाजवत होतात, हात न लावता. मीही आत तशाच वाजवल्या."

तिचा राग तिथेच अर्धा गळला. अर्धा तिनं राखून ठेवला. संसारात लागतो.

मग तिनं शाळेतलं सांगितलं. भांडणात त्यानं तुकडे ऐकले होते, आता सगळं ऐकलं, कडीपासून बाईंच्या निरोपापर्यंत. त्यानं माऊला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "एकदा मार बघू हाक. मला. मोठ्यानं." माऊनं आजीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, बंद खिडकीकडे पाहिलं. तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. आणि मग त्याच्या कानाशी ओठ नेऊन तिनं हळूच 'बाबा' म्हटलं. तिचं मोठ्यानं ते एवढंच होतं. तो मान वळवून कुठेतरी पाहत राहिला.

"जा, झोपा," माऊची आई त्याला म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता. खरं बोलताय का बघायचंय मला."

तो मुकाट्यानं आत गेला. तिनं फुलदाणी खाली ठेवली, मेणकापड काढलं. तेल सुकून चाक जाम झालं होतं. तिनं खाचांत थेंब थेंब तेल सोडलं, हातानं चाक फिरवलं, एक चिंधी दाबाखाली सरकवली आणि पाय मारला. मशीन आधी कण्हलं, खोकलं, मग धडधडायला लागलं. मशीनची पाठ त्याच भिंतीला, जिच्यापलीकडे त्याचं उसं. आजी पदराचं टोक तोंडात धरून उभी. माऊ दोन्ही हातांनी कान झाकून आईच्या पायांकडे बघत होती, हे पाय असंही काही करतात हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

चिंधी संपली. दुसरी घेतली. दुसऱ्या चिंधीच्या मध्यावर आजीनं हात वर केला. माऊच्या आईनं पाय थांबवला नाही, नुसता कान दिला. भिंतीपलीकडून घोरण्याचा आवाज येत होता. साधासुधा नाही, ओल्या लाकडावर करवत चालावी तसा.

"माझ्या नवऱ्याचं घोरणं," आजी म्हणाली. "हुबेहूब. मला वाटलं, ते तेवढं याच्यात उतरलंच नाही." आणि ती मोजे घातलेल्या खुर्चीवर बसली, वाकली, आणि एकेक मोजा ओढून काढायला लागली. एक निघेना, तर दातांनी लोकर तोडली.

घोरणं एकदम थांबलं, गिरकी घेतली आणि शिट्टीसारखं बाहेर पडलं. माऊ हसली. तोंड उघडून, खांदे हलवत, नेहमीसारखी, पण हसण्याच्या शेवटी एक बारीकसा आवाज निसटला, मशीनच्या धडधडीतही ऐकू येईल एवढा. तिनं घाबरून तोंडावर हात दाबला.

आईनं पाय थांबवला. वाकून तो हात तोंडावरून काढला आणि आपल्या हातात धरून ठेवला. मग मान वर करून, सासूला, लेकीला आणि भिंतीपलीकडे झोपलेल्या नवऱ्यालाही जाईल अशा आवाजात, भोंग्याच्या नाही पण भोंग्याच्या जवळच्या, तिनं सांगून टाकलं.

"उद्यापासून कुकर दुपारी लागेल. आणि शिट्ट्या माऊ मोजेल. मोठ्यानं."