डार्नलीचं भिंतीचं घर

आमच्या बार्बाडोसमध्ये दगडी घराला 'भिंतीचं घर' म्हणतात. म्हणजे लाकडी घरातले आम्ही बिनभिंतीचेच राहतो जणू. लग्न करीन तर भिंतीच्या घरात, असं माझ्या शेजारणीने, इस्मेने, डार्नलीला सांगितलं तेव्हा दोघं ऐन तिशीत होती. चाळिशी उलटली तरी हा बाबा दगडच कापत होता.

दगड त्याच्या परसातच. घरामागची टेकडी म्हणजे जुनं प्रवाळ. एके काळी समुद्राखाली जिवंत होतं, बेट वर उचललं गेलं तसं तेही उघड्यावर आलं. हा दगड ताजा असतो तेव्हा करवतीने लाकडासारखा कापता येतो, वारा लागला की कडक होतो. डार्नली कडक झाला नाही तो नाहीच. चर्चचा कोपरा ढासळला, दे दगड. माझं स्वयंपाकघर पडलं, दे दगड. मी ते घेतले आणि वर त्यालाच बावळट म्हटलं.

यंदा इस्मेने निर्वाणीचं सांगितलं, "ऊसतोडणीच्या सणापर्यंत घर दिसलं नाही, तर मी चालले ब्रुकलिनला, बहिणीकडे." डार्नलीने जीव तोडून दगड कापले, रचून ठेवले. आणि सणाच्या तोंडावर वादळात शाळेची भिंत पडली. पुढचं सांगायला नकोच.

इस्मे तरातरा त्याच्या परसातल्या खाणीत उतरली. मी मागोमाग, असा तमाशा कोण चुकवतं?

"दिलेस ना?"

"पोरं उन्हात बसली होती, इस्मे."

"आणि मी काय सावलीत बसलेय इतकी वर्षं?"

तेवढ्यात मोठी सर आली. आम्ही तिघं कडेच्या पुढे आलेल्या कातळाखाली अंग चोरून उभे राहिलो. पाणी तळाशी साचलं नाही, दगडाच्या भोकाभोकांतून खाली मुरून गेलं. इस्मेचं लक्ष मात्र समोर होतं. डार्नलीच्या करवतीने उभ्या कापलेल्या बाजू, त्यांत खाली मेंदूसारख्या वळ्यांचे प्रवाळाचे गड्डे, वर शिंगांसारख्या फांद्या, मधे शिंपले. तिने एका गड्ड्यावर हात ठेवला.

"हा का नाही कापलास?"

"करवतीचे दात मोडतात. माणसं नव्हती तेव्हाचा आहे तो. एवढा व्हायला शेकडो वर्षं लागली असतील त्याला."

"म्हणजे तुझ्याहूनही सावकाश."

मग तिने मान वळवून खाणीची एकेक बाजू न्याहाळली. डार्नली रडवेला झाला. ती खरंच गेली असती.

"तीन बाजूंना भिंत आहे," इस्मे म्हणाली.

"खाण आहे ती."

"मी भिंतीचं घर म्हटलं होतं. भिंत रचायचीच, असं कुठे म्हटलं होतं? तू दगड वाटत सुटलास आणि घर इथंच राहिलं, मेल्या. छप्पर घाल."

डार्नली मटकन खाली बसला आणि हसायला लागला. मला इतका आनंद झाला की मी भर पावसात गावभर ओरडत गेले.

छपराला सगळं गाव आलं. ज्याच्या त्याच्या घरात डार्नलीचा दगड होताच. सणाच्या सकाळी शाळेचे हेडमास्तर आले, चौथ्या भिंतीसाठी दगड परत देतो म्हणाले. डार्नलीने नवरीकडे पाहिलं.

"नको," इस्मे म्हणाली. "तिथं दार लावू, चांगलं रुंद. ह्याच्याकडे मागायला येणारी माणसं मावायला नकोत?"