बिनफटीचं छत

कुठेही फट दिसली की जनार्दन मास्तरचं तोंड कैरी चावल्यासारखं व्हायचं. दाराची फट, बाकड्याची फट, शरीफच्या पुढच्या दोन दातांमधली फट. शरीफ हसायला लागला की मास्तर नजर दुसरीकडे वळवायचा, जणू समोरच्याचा लेंगा सुटलाय. आणि शरीफ तर मॅनेजर. दिवसातून चाळीस वेळा हसणार.

मास्तर देवगडकडचा. गावात होता तेव्हा मच्छीमारांच्या ताडपत्र्या शिवायचा, भजनी मंडळांच्या पेट्यांना गवसण्या शिवायचा. मग ओमानात आला, सहम गावच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या सीटा आणि छतं करायला बसला, तो अठरा वर्षं बसूनच राहिला. बोलतानाही दातांत दोरा धरायची सवय, त्यामुळे प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द चावून चोथा होऊन बाहेर पडायचा. पण एक वाक्य मात्र तो दोरा काढून, मान उंच करून, खणखणीत म्हणायचा:

"माझो टाको देवाक पण दिसूचो नाय!"

आणि नव्हताच दिसत. कंपनीची गाडी येते तेव्हा छत वेगळं असतं, खिडक्यांमधल्या खांबांवरची प्लास्टिकची कव्हरं वेगळी असतात, आणि दोन्हींच्या मध्ये नख जाईल एवढी फट असते. मास्तरला ती फट म्हणजे कंपनीचा आळस वाटायचा. एवढी महागडी गाडी आणि शिवणाऱ्याला शेवट करता येत नाही? म्हणून तो छताचं कापड तसंच खाली ओढायचा, खांबावरून थेट सीटबेल्टपर्यंत न्यायचा, आतून चिकटवायचा आणि कडेला आंधळा टाका घालायचा. कव्हरं खडखडतात म्हणून त्यांच्या क्लिपा काढून दोन-दोन स्क्रू आवळायचा. झालं! वरपासून खालपर्यंत एकच कापड, जणू गाडी आतून ओतून काढलीय. शेजारच्या खाबुरा गावापासून लोक यायचे. "मास्तरवालं छत" मागायचे.

खांबाच्या कव्हरावर एक टिकली असायची, नखाएवढी. तिच्यावर इंग्रजीत 'एअरबॅग' लिहिलेलं. मास्तर ती उपटून काढायचा आणि भोक बुजवायचा. एकदा त्याने शरीफला विचारलं होतं, "ह्यां काय ता?"

"कंपनीची ॲड असते, मास्तर," शरीफ दातांची फट दाखवत म्हणाला. "हवेची पिशवी स्टेअरिंगमध्ये असते. ये सिर्फ शो का है."

मास्तर कधी काही टाकायचा नाही. बिस्किटांच्या निळ्या गोल डब्यात त्या टिकल्या जमत गेल्या. त्रेसष्ट झाल्या. प्रत्येक टिकली कुठल्या गाडीची, कुठलं कापड होतं, कुठला दोरा होता, सगळं त्याला तोंडपाठ. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र बायकोला विचारावी लागायची.

एवढी छतं केली, पण नाव एकावरही नाही. गिऱ्हाईक गाडी घेऊन जायचं आणि लोकांना सांगायचं, दुबईला करून घेतलं. मास्तरला हे फार लागायचं. त्यामुळे दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात मस्कतच्या एका टूर कंपनीने वाळवंटात नेण्याच्या आठ जीपांची छतं करायला दिली आणि शरीफ बोलून गेला की प्रत्येक छतावर मास्तरच्या नावाची चामड्याची पट्टी लावू, तेव्हा मास्तरने कापड यायच्या आधी पट्ट्याच शिवल्या. आठ. सोनेरी दोऱ्याने. आणि देवगडला फोन केला.

"नाव घालतले?" त्याच्या बायकोने, जयवंतीवहिनीने विचारलं.

"घालतले."

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत."

"मगे तुमका ता वाचूक येतला?"

मास्तरने फोन ठेवला.

टूर कंपनीने काम बघायला एक पोरगी पाठवली. पूर्वा. पुण्याची, सव्वीस वर्षांची, गाड्यांच्या आतल्या सजावटीची डिझायनर. तिच्या बोलण्यात 'ॲक्च्युअली' इतके होते की मधले शब्द त्यांना टेकून उभे असल्यासारखे वाटायचे.

"काका, ॲक्च्युअली मला आधीचं एखादं काम बघायचंय. म्हणजे ॲक्च्युअली फिनिश बघायचं होतं."

मास्तर तर वाटच बघत होता. त्याने एका गिऱ्हाइकाची गाडी दाखवली. पूर्वा आत बसली, तिने वर बघितलं, छताच्या कडेवरून हात फिरवला, खांबावर फिरवला, पुन्हा कडेवर. मास्तर दारातून तिचं तोंड बघत होता. आता म्हणेल, वा काका. आता म्हणेल.

"काका, इथला एअरबॅगचा टॅग कुठे गेला?"

"अगो, तो काय एक आसा?" मास्तर खुशीत आला, लगबगीने जाऊन डबा घेऊन आला आणि झाकण उघडून तिच्या नाकाखाली धरला. "बघ. सगळ्यांचे काढलंय! एकाक पण ठेवूक नाय!"

पूर्वाने डब्यात बघितलं. मग मास्तरकडे. पुन्हा डब्यात. तिचे सगळे 'ॲक्च्युअली' एकदम संपले.

"काका, या छताच्या कडेत पिशवी असते. मिटलेल्या छत्रीसारखी, पुढपासून मागपर्यंत. गाडीला बाजूने कुणी ठोकलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत ती पडद्यासारखी खिडकीवर उतरते, नाहीतर डोकं काचेवर जातं. तिला बाहेर यायला ती फट लागते. छताची कड वाकायला लागते. कव्हराने क्लिपवर उघडायचं, पण क्लिपच्या पट्ट्याने जागीच अडकून राहायचं, उडायचं नाही. आम्ही आठ-आठ महिने त्या एका फटीचं डिझाइन करतो. तुम्ही ती शिवून टाकलीत."

"माझो टाको..." मास्तरने सुरुवात केली.

"तोच तर प्रॉब्लेम आहे."

आता शरीफला घाम फुटला. अर्बाब म्हणजे वर्कशॉपचा मालक; त्याच्या कानावर हे गेलं तर दोघेही पुढच्या विमानाने घरी. "मॅडम, पिशवी में दम होगा तो टाका तोडके आएगी ना?" त्याने विचारलं. मास्तरलाही ते पटलं. म्हणजे अर्धंच पटलं. पिशवीत दम असेल, पण त्याचा टाका तोडेल एवढा? तो शरीफवरच रागावला.

"करून बघूया," पूर्वा म्हणाली. "आत बसलेल्याचं डोकं टिकलं तर आठही जीपांवर तुमचं नाव मी स्वतः लावून घेईन. नाही टिकलं तर फट ठेवायची, माझ्या मापाने, आणि पट्ट्या विसरायच्या."

मास्तरने ती पैज अशी घेतली जणू कुणी त्याला वाढदिवसाचा केक आणून दिलाय.

भंगारातली एक जीप आणली. पुढून चेपलेली, पण डाव्या बाजूची पिशवी शाबूत. मास्तरने तिच्यावर आठ दिवस लावले. जन्मात केलं नव्हतं असं छत केलं. गुरुवारी जेवणाची सुट्टी झाली आणि अख्खं वर्कशॉप आवारात जमलं. डेंटर, पेंटर, शेजारचे टायरवाले. मस्कतहून आलेल्या तंत्रज्ञाने लांबलचक वायर ओढून सगळ्यांना पार भिंतीपाशी पिटाळलं. गाडीत बसवायला माणूस हवा म्हणून फोमच्या तुकड्यांनी गोणपाट भरलं होतं. मास्तरने हौसेने त्याला स्वतःचा जुना चौकड्यांचा शर्ट घातला. शरीफने त्यावर मास्तरची टोपी चढवली आणि छातीवर सोनेरी पट्टी टाचली. आठांपैकी एक.

"अब लगता है मास्तर," शरीफ म्हणाला. "बस, दातांत दोरा नाही."

पेंटरने गोणपाटाच्या तोंडात दोराही खोचला. मास्तरसुद्धा हसला. बिचारा सगळ्यांत मोठ्याने हसला.

"यल्ला," चला, तंत्रज्ञ म्हणाला.

धडाम! कावळे उडाले. गाडी धुरकट झाली. छताची कड आतून टम्म फुगली आणि तशीच राहिली. पिशवी बाहेर आलीच नाही. कापड ताणलं होतं, फाटलं नव्हतं. एकही टाका उसवला नव्हता.

"टाको सुटूक नाय!" मास्तर ओरडला. दोन्ही हात वर करून, उडी मारून. "सुटूक नाय! बघलास? सुटूक नाय!"

पूर्वाने जाऊन गाडीचं दार उघडलं.

पिशवीला बाहेर पडायला जागा मिळाली नाही, म्हणून तिने खांबाच्या कव्हराला रेटलं होतं. कव्हर वाकायला क्लिपा नव्हत्या, स्क्रू होते. ते मधोमध मोडलं आणि त्याचा वीतभर तुकडा, अजून एका स्क्रूसकट, गोणपाटाच्या कपाळात घुसून बसला होता. टोपी मागच्या सीटवर. फोमचा भुगा चौकड्यांच्या शर्टावर. दोरा तेवढा तोंडातच होता.

आधी टायरवाला हसला. मग पेंटर. मग सगळं आवार. "सुटूक नाय! सुटूक नाय!" पेंटर हात वर करून उड्या मारायला लागला, आणि नक्कल इतकी हुबेहूब की मल्याळी डेंटरलाही कळली. तेव्हापासून मास्तर आला की कुणीतरी कोपऱ्यातून "सुटूक नाय!" म्हणणारच. बंगाली पोरं तर मराठीचं एवढं एकच वाक्य शिकली.

मास्तर त्या दिवशी हसणाऱ्यांकडे बघत नव्हता. तो गोणपाटाच्या कपाळाकडे बघत होता. मग त्याने डबा उघडला आणि टिकल्या मोजल्या. त्रेसष्ट.

आठ जीपा पूर्वाच्या मापाने झाल्या, फट ठेवून. नाव कुणाचंच लागलं नाही. अर्बाबला शरीफने काहीच सांगितलं नाही. पण मास्तरने एकेक गिऱ्हाईक शोधायला घेतलं. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, क्लिपांचं पुडकं घेऊन. कुणाच्या शेतावर, कुणाच्या दुकानामागे. स्वतःचंच छत उसवायचं, कड मोकळी करायची, स्क्रू काढून पट्ट्याच्या क्लिपा बसवायच्या, टिकली परत लावायची. लोकांना काय, फट दिसायची. त्यांनी शरीफकडे तक्रारी केल्या. खरं कारण सांगायचं तर आधीची चूक सांगावी लागणार, म्हणून शरीफने सोपं केलं.

"मास्तर बुड्ढा हो गया," तो दात दाखवून सांगायचा. "हाथ कांपता है. माफ करो."

मास्तर तिथेच मशीनवर बसलेला असायचा. ऐकायचा. दोरा चावायचा. नवीन छतं उल्हास नावाच्या नव्या माणसाकडे गेली, मास्तरकडे सीटांची कव्हरं आली.

पावणेदोन वर्षांत डब्यात एकच टिकली उरली. पांढरी मोठी गाडी, मरून कापड, रेशमी दोरा. मास्तरच्या आयुष्यातलं सगळ्यांत देखणं छत. ती गाडी विकून मस्कतच्या पलीकडे, सूर बंदरात गेली होती. एका शुक्रवारी पहाटेची बस धरून, मस्कतला बदलून, मास्तर दुपारी सूरला उतरला आणि विचारत विचारत गाडीच्या नव्या मालकाच्या, हसनच्या दारात पोचला.

हसन लाकडी गलबतं बांधणारा. सत्तरीचा, हातांना तेलाचा वास. गाडी बघायचीय म्हटल्यावर त्याने आनंदाने दार उघडलं आणि आपणच आत शिरून छताच्या कडेवरून अंगठ्याचं नख ओढत नेलं. पुढपासून मागपर्यंत. नख कुठेच अडलं नाही.

"शूफ," बघ, तो म्हणाला. "गॅप मा फी!" फट नाहीच. "मेरा होडी में गॅप, तो आदमी खलास. इदर गॅप मा फी. ये काम उस्ताद सवी. मिया मिया." उस्तादाने केलेलं, शंभर टक्के.

अठरा वर्षांत आणि वर दोन, कुणी मास्तरला हे म्हटलं नव्हतं. त्याने छातीवर हात ठेवला. "मैं," तो म्हणाला. "ये मैं किया. ह्यां छत माझां."

हसनने त्याच्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. सुतळीने बांधलेला चष्मा. बसमध्ये चुरगळलेला शर्ट. हातातलं प्लास्टिकचं पुडकं. आणि तो पोट धरून हसला.

"इंते? तू? ये तुर्की उस्ताद! दुबई! गाडी बेचनेवाला बोला. तू क्या, तुर्की?"

मास्तरने मग पिशवी समजवायला घेतली. गाल फुगवले, हात फाकवले, "धडाम" म्हणाला, कपाळावर बोट ठोकलं. हसनला वाटलं, उन्हाने डोकं फिरलंय गरिबाचं. त्याने मास्तरला गाडीतच सावलीत बसवलं, काचा उघडल्या आणि कहवा-खजूर आणायला आत गेला. जाताना बजावून गेला, "हात मत लगाव, हां? उस्ताद का काम."

मागच्या सीटवर लहान मुलांच्या दोन चपला पडल्या होत्या, वेगवेगळ्या मापाच्या. मास्तरने त्यांच्याकडे बघितलं. मग पुडक्यातून ब्लेड काढलं.

टाका त्याला सापडेना. चष्मा पुसला, नाक कापडाला टेकवलं, बोटांनी चाचपलं. देवालाही न दिसणारा टाका, मास्तरला तरी कसा दिसणार? शेवटी त्याने अंदाजाने ब्लेड घातलं आणि मरून कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत चरचरत उसवत नेलं. एक बाजू. मग दुसरी. स्क्रू काढले, क्लिपा बसवल्या, पट्टे अडकवले. कड दुमडून चिकटवायला वेळच नव्हता. दोरे लोंबत होते. शेवटची टिकली खांबावर दाबून बसवली तेव्हा हसन तबक घेऊन दारात उभा होता.

तबक पडलं. खजूर मातीत गेले. हसनने मास्तरला कॉलरला धरून बाहेर ओढलं. मास्तरचा चष्मा सुतळीला लोंबकळत राहिला. "हवा का थैली," तो म्हणत होता, "बच्चा लोग, बच्चा लोग..." हसनने ऐकलं नाही. फाटकाबाहेर ढकललं, वरून त्याचं पुडकं भिरकावलं आणि शेजारपाजारी गोळा होईपर्यंत ओरडत राहिला.

त्या गाडीला अजून कुणी बाजूने ठोकलेलं नाही. हसनची नातवंडं त्या फटीत चॉकलेटचे कागद कोंबतात आणि आजोबांच्या शिव्या खातात. घरी कुणी पाहुणा आला की हसन त्याला गाडीपाशी नेतो, लोंबणारे दोरे दाखवतो आणि चुकचुकतो.

"उस्ताद का काम था," तो सांगतो. "तुर्की. एक पागल हिंदी आया, सब खराब सवी. वो तुर्की का हाथ देखो, और इस पागल का देखो!"

मग तो त्या फटीत नख घालून दाखवतो. नख आत जातं.